रुमालाखालचा हात

संपादकांनी मला जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. "हलकंफुलकं असू द्या, शेठ. दिवाळी आहे." मी म्हटलं, गमतीजमती देतो, पण त्यांच्याबरोबर एक जड सामानही घ्यावं लागेल. सुटं विकत नाही. ते फोनवर हसले. मी पानं वाढवून मागतोय असं त्यांना वाटलं असावं. माझा लौकिकच तसा आहे.

वारज्याला हायवेच्या कडेला माझं जुन्या टेम्पोंचं यार्ड होतं. 'होतं' का, ते पुढे येईल. वऱ्हाडातून पुण्यात आलो तेव्हा नारायण पेठेत नदीकाठी दुसऱ्यांचे टेम्पो धुवायचो. धुता धुता गाडीची अंगं कळायला लागली. कुठली गाडी आपटून आली आहे, कुठली मालकाने जीव लावून वापरली आहे, हे फडक्याला आधी कळतं. पुढे एक मोडका टेम्पो घेतला, उभा केला, विकला. मग दुसरा. कुणाचा हात पाठीवर नव्हता. हे मी अभिमानाने लिहितो आणि थोडं चिडूनही लिहितो, कारण माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात होता असं सांगणारे आमच्या घरात आहेत.

ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडं फुकट ज्ञान. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. क्लचच्या पेडलचं रबर बघा. ते कुणी बदलत नाही, कारण तिकडे कुणी बघतच नाही. काटा कमी आणि रबर गुळगुळीत असेल तर हात जोडून निघा. पायाखालची चटई उचला, गंज तिथे बसलेला असतो. बाहेरचा रंग चकचकीत असेल तर दार उघडून बिजागरीपाशी बोट घाला, जुना रंग तिथे सापडतो. आणि मालक फार गोड बोलत असेल तर इंजिन थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. गोडवा तिथेच संपतो.

आता भाव. आमच्यातले जुने लोक अजूनही भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा खांद्यावरचा मोठा रुमाल हातांवर टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. हजार की लाख, ते गाडीकडे बघून दोघांना कळतंच. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना काही समजत नाही. सौदा मोडला तरी भाव झाकलेला राहतो, दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे अडचण होत नाही. हे सगळं बैलबाजारातून आलेलं आहे. त्याचे नियम दोनच. एक, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. दोन, भाव ठरण्याआधी हात रुमालाबाहेर आला की सौदा मोडला. तीच गोष्ट घेऊन पुन्हा हात पुढे करायचा नाही. करणारा लाचार समजला जातो.

माझी मुलगी गौरी शाळेच्या सुट्टीत यार्डात यायची. तिला हे नियम पाढ्यांच्या आधी पाठ झाले. घरी ती आईशी आइस्क्रीमचा सौदा ओढणीखाली करायची. सुनंदाने हात काढून घेतला की हिरमुसली व्हायची, पण पुन्हा मागायची नाही. मला मोठं कौतुक होतं त्याचं. म्हणायचो, पोरगी धंद्याची आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली. सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक आपली स्कूटर विकायला निघाले होते. स्कूटर माझा माल नव्हे, पण ओळखीतून गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि परीक्षा घेतली. गाडी उन्हात उभी राहणार की सावलीत? चालवणार कोण? त्याचा स्वभाव कसा आहे? शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "सर, स्कूटर विकताय की मुलीचं लग्न ठरवताय?" ते शांतपणे म्हणाले, "मुलीच्या वेळी एवढं विचारलं नाही. म्हणून आता विचारतोय." तेव्हा मी हे वाक्य यार्डात सगळ्यांना हसून सांगितलं होतं. आता सांगताना हसू येत नाही.

दुसरा एक कोंबडीवाला, सासवडकडचा. टेम्पो त्याला पसंत होता, पण भावावर अडला. तो बडबड्या माणूस, रुमाल वगैरे मानत नव्हता. आरडाओरडा करून भाव पाडायची त्याची पद्धत. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडायला लागला. "अहो शेठ, हां म्हणा नाहीतर नाही म्हणा! मूग गिळलेत का?" त्याने टोपी टेबलावर आपटली. आणि मी गेलो.

हे 'जाणं' नीट सांगायला हवं. उठून नाही गेलो. खुर्चीतच होतो. आधी कानात कापूस घातल्यासारखं होतं. मग समोरचा माणूस लांब लांब जातो, त्याचे ओठ हलताना दिसतात. टेबलावरचे हात माझेच असतात, पण कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडलेले. भीती नाही, राग नाही, काही नाही. परत आलो तेव्हा कोंबडीवाला घाम पुसत कागदावर सही करत होता. मी गप्प बसलोय म्हटल्यावर त्याने आपला भाव आपणच वाढवत नेला होता. माझा मेकॅनिक दारात तोंड उघडं टाकून उभा होता. नंतर तो सगळीकडे सांगत सुटला, "शेठचा चेहरा म्हणजे बंद शटर."

असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. बाजारात माझं नाव झालं ते त्या बंद शटरवर. मीही ते माझं कसब समजलो. लोक ज्याचे पैसे मोजतात त्याला आजार कोण म्हणेल?

घरी मात्र शटर असं बंद राहत नसे. तिथे आग असे. भाजीत मीठ कमी, कुकरची शिट्टी जास्त, चप्पल जागेवर नाही, काहीही पुरे होई. ताट भिरकावलं आहे मी. नंतर मला त्यातलं अर्धं आठवत नसे, आणि सुनंदा फरशी पुसताना दिसली की वाटे, हिने काय सांडलं? गाडीच्या भाषेत सांगायचं तर माझी एकतर रेस अडकायची नाहीतर गाडी जागेवर बंद पडायची. मधले गिअर मला कुणी शिकवलेच नव्हते.

काय शिकवलं होतं, ते आता सांगतो.

आईवडील गेल्यावर दादा आणि मी मामाकडे आलो. मामा बैलबाजारातला दलाल. त्याने आम्हाला खायला घातलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दादा हा अंक वाचणार आहे. बाजारात मामा मला शेजारी उभा करायचा आणि रुमालाखाली माझा हात धरायचा. लोक म्हणायचे, भाच्याला धंदा शिकवतोय. शिकवतही होता. कुणी किती बोटं धरली ते मला त्याच्या हातावरून ओळखायचं असे. चुकलो की तो माझी डाव्या हाताची करंगळी उलटी वाकवायचा. वर त्याचं तोंड हसरं, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम चाललेला. माझ्या तोंडावर काही उमटलं की आणखी वाकवायचा. म्हणायचा, "दिसते राजा, तोंडावर दिसते." एका बाजाराच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मला दुखत नाही. कुणाला तरी दुखत होतं, तो पोरगा तिथे मामाजवळ उभा होता. मी बैलांच्या पलीकडे चिंचेच्या झाडावर बसून त्याच्याकडे बघत होतो. मामा खूश झाला. "आता आलं तुले."

घरी जे व्हायचं ते इथे लिहीत नाही. कडब्याची खोली होती आणि तिला बाहेरून कडी होती, एवढं पुरे. दादा सगळं बघत होता. त्याच्या वाट्याला हे आलं नाही.

माझी करंगळी अजून वाकडी आहे. लोकांना सांगायचो, टेम्पोला हँडल मारताना मोडली.

सुनंदाचं हृदयाचं ऑपरेशन होतं, त्या दुपारची गोष्ट. तिला आत न्यायची वेळ झाली होती. तिने मला पलंगापाशी बोलावलं. "अहो, इकडे बसा. एक मागायचंय." आणि तिने चादरीखाली माझा हात ओढून घेतला. तिचे हात गार पडले होते, तिला ऊब हवी असेल. किंवा आयुष्यभर आमचे सौदे पाहिलेली बाई, तिला वाटलं असेल, ह्यांना ह्यांच्या भाषेत मागू. वर कापड, खाली हात, आणि माझी डावी करंगळी तिच्या मुठीत. ती बोलायला लागली. मी तिचे ओठ हलताना पाहिले.

मी चिंचेच्या झाडावर होतो.

परत आलो तेव्हा माझा हात चादरीबाहेर होता आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर वळवत होते. सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर काय होतं ते मला ठाऊक आहे, बंद शटर. गौरी दारात थर्मास घेऊन उभी होती. सुनंदा ऑपरेशनमधून परत आली नाही.

तेराव्यानंतर गौरीने एकदा विचारलं, "बाबा, आई त्या दिवशी तुमच्याशी काही बोलली का?" ऐकू आलं नाही, असं सांगायचं होतं. पण मी काही बहिरा नाही. शेजारी बसून, हात हातात असून ऐकू आलं नाही, हे कोण मानेल? म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं." तिचं मेकॅनिकलचं शिक्षण तेव्हाच पूर्ण झालं होतं. थोड्या महिन्यांत तिने चाकणच्या एका कारखान्यात नोकरी धरली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी मनात घेऊन बसलो. एक, सुनंदा काय म्हणाली. रोज तिच्या तोंडी मीच नवं वाक्य घालायचो. चांगलं वाक्य क्वचित सुचायचं, बहुतेक वेळा ती फेकलेल्या ताटांचा हिशेबच करत असायची. दुसरी गोष्ट गौरीची. ज्या पोरीला इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं वय कळतं, तिने यार्डाबद्दल बापाला एका शब्दाने विचारलं नाही. शिकली, मोठी झाली, तिला माझ्या ग्रीसच्या हातांची लाज वाटते, असं मी धरून चाललो. या रागाला मी फार जपलं. दादा रोज फोन करून म्हणायचा, माझ्या वैभवला तुझ्याकडे घे, घरचा पोरगा आहे. त्या रागाच्या भरात मी वैभवला आणलं आणि दोन वर्षांत यार्ड त्याच्या नावावर करून मोकळा झालो.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. मी गेलो, गौरीही चाकणहून आली होती. ऑफिसात पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर मामाचा फोटो, मोठा करून, झेंडूचा हार घालून. वैभव कौतुकाने म्हणाला, "बाबांनी पाठवला. म्हणाले, काकाचे गुरू आहेत, त्यांच्यामुळे हे सगळं." त्यापुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एकदम गौरीचं तोंड, गाडीच्या खिडकीत. मी मागच्या रांगेतल्या एका टेम्पोच्या केबिनमध्ये बसलो होतो. इंजिन चालू होतं.

"बाबा, किल्ली द्या."

"पूजा झाली का?"

"कधीच झाली. लोक जेवून गेले. किल्ली द्या."

मी दिली. ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा घरी कधी येणार? आई म्हणायची, अगं, समोर बसलेत की."

तिनेच मला मनाचे आजार बघणाऱ्या लिमये बाईंकडे नेलं. सदाशिव पेठेत, जिन्यावर चपलांचा ढीग असलेल्या दोन क्लासच्या मधली खोली. मी आत शिरताच फीवरून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "फी कमी होणार नाही. ओरडायचं असेल तर ओरडा, वेळ तुमचाच जातोय." मला बाई आवडल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. लहान मुलाला रोज भीती असली आणि पळायला जागा नसली की ते आतल्या आत निघून जातं. तेव्हा त्यामुळे ते वाचतं. पण अंगाला ती वाट पाठ होते. पुढे साठी आली, मामा मेला, तरी कुणी ओरडलं किंवा रुमालाखाली हात गेला की अंग विचारत नाही, निघतं. निघता आलं नाही तर भडकतं. मी म्हटलं, "म्हणजे माझं कसब हे कसब नव्हतंच?" त्या म्हणाल्या, "कसबच होतं. लहान मुलाने शोधलेलं. फक्त ते बंद करायचा खटका त्याच्याकडे नव्हता."

खटका शिकायला गेलो आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. बाई म्हणाल्या, "लांब जातोय असं वाटलं की या खोलीत काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणा." मी म्हटलं, "पंख्याचं बेअरिंग गेलंय. खिडकीचा स्क्रू ढिला आहे. तुमच्या खुर्चीचा मागचा पाय जोडलेला आहे, आणि वाईट जोडलेला आहे."

"मी दोष नाही विचारले. वस्तू विचारल्या."

"बाई, आमच्यात वस्तू म्हणजे दोषच असतात."

"भाव नका लावू. नुसतं बघा."

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? करून बघा. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट नुसती बघितलेली नव्हती. माणूससुद्धा नाही. तो किती देईल, किती ओढेल, कुठे मोडेल, हेच बघितलं होतं. पंखा हा नुसता पंखा म्हणून बघायला मला एक पावसाळा लागला.

बाकीच्या गोष्टी दिसायला साध्या. बसल्या जागी टाचा जमिनीत रोवायच्या, जमीन लागली पाहिजे. गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरायचा. स्वतःला सांगायचं, मी सुधाकर, मी वारज्यात आहे, माझे केस पांढरे आहेत, मामा नाही. पहिल्यांदा हे आरशापुढे म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाचं वेगळं. राग येतो तेव्हा आधी दाढा आवळतात, हे मला कधी कळलंच नव्हतं. दाढा आवळल्या की उठायचं आणि समोरच्याला सांगायचं, "मी गॅलरीत जातोय, परत येतोय." बाई म्हणायच्या, दुसरा अर्धा भाग विसरू नका. सुनंदाला मी तो अर्धा भाग कधी सांगितला नव्हता. दार आपटून जायचो. ती जेवायची थांबायची.

एकदा बाईंनी मला माझी वाकडी करंगळी दुसऱ्या हाताने धरायला सांगितली. टेबलावर, उघड्यावर, न वाकवता. मी धरली. भानावर आलो तेव्हा नारायण पेठेत नदीकाठी उभा होतो, जिथे टेम्पो धुवायचो तिथे, अनवाणी. पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, "चपला ठेवल्यात तुमच्या. भाडं लावलेलं नाही." मग म्हणाल्या, "जाणं थांबेलच असं मी सांगत नाही. गेलात हे लवकर कळेल. आणि परतीची वाट माहीत होईल."

धंद्यातली माणसं यातून वसूल काय झालं म्हणून विचारतील, तर तेही सांगतो. वैभवने एका अडलेल्या सौद्यासाठी मला बोलावलं. गिऱ्हाईक चिडलेलं होतं. मी टाचा रोवल्या आणि जागेवर राहिलो. त्यामुळे मला त्याचं बोलणं ऐकू आलं. त्याचा भाऊ त्याला सोडून गेला होता, एकट्याने धंदा उभा करायचा होता, आवाज त्यामुळे चढलेला. मी भाव उतरवला. वैभव नंतर म्हणाला, "काका, तुमचा हात गेला आता." खरं आहे. त्या बंद शटरचा बाजारात भाव होता. उघड्या दुकानाला तो येत नाही.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्या वयात तरी तो म्हणेल, हो, मी पाहिलं होतं. तो म्हणाला, "कायले जुनं उकरतं, सुध्या? मामानं शिकवलं म्हणून तू शेठ झाला. माह्यासारखा शाळेत शिपाई नाही राहिला."

"दादा, माझं बोट त्याने मोडलं. तू बाजूला उभा होतास."

"तुलेच जवळ करे तो. माहा हात कधी रुमालाखाली नाही धरला त्यानं. तूच लाडका होता."

माझ्या दाढा आवळल्या. मी म्हटलं, "दादा, मी गॅलरीत जातोय, परत येतोय." परत आलो तर त्याने फोन ठेवला होता. म्हणजे शिकलेली विद्या बरोबर चालली, पण समोरचा थांबला नाही. मामाचा फोटो अजून तिथेच आहे. यार्ड वैभवचं, भिंत वैभवची. ही अढी माझ्या मनातून गेलेली नाही. बाईंनीही ती काढायचा प्रयत्न केला नाही. फक्त म्हणाल्या, तिच्याबरोबर जेवता आलं तरी पुष्कळ आहे.

आणि मग हा गेल्या महिन्यातला रविवार. गौरी सकाळी आली. तिच्या कंपनीने तिला चेन्नईच्या कारखान्यात मोठी जागा दिली आहे, ती जाणार होती. पोहे खाऊन झाले, चहा समोर होता. मी म्हटलं, "जा. तुला आमच्या ग्रीसमध्ये थोडंच राहायचं होतं." बोलून गेलो. ती जपलेली जुनी कुरकुर होती.

तिने कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"नाही, बोला. मला राहायचं नव्हतं? बाबा, मला यार्ड हवं होतं." तिचा आवाज चढला. तो माझाच आवाज आहे, तिला माझ्याकडून मिळालेला. "कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून हवं होतं. तुमच्यापुढे बोलायची हिंमत नव्हती. आई म्हणाली, मी ह्यांच्याशी बोलते, ऑपरेशनच्या आधी बोलते, त्या दिवशी ते नाही म्हणणार नाहीत. मी दारात उभी होते. तुमचा हात चादरीखाली होता."

कानात कापूस यायला लागला. तिचे ओठ लांब जायला लागले. मी टाचा रोवल्या. फरशी गार होती. कप. बशी. तिच्या कपाळावरचा केस. माझे केस पांढरे आहेत. मी डावी करंगळी उजव्या हाताने धरली, टेबलावर, उघड्यावर.

"आणि मग तुमचा हात बाहेर आला," गौरी म्हणाली. "तोंडावर काही नव्हतं. मी यार्डात वाढलेय, बाबा. हात बाहेर आला म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही. आईचं शेवटचं मागणं होतं ते, तेही तुम्ही मोडलंत. पुन्हा कशी मागणार होते मी? तेराव्यानंतर एकदा विचारलं, आई काही बोलली का? तुम्ही म्हणालात, नाही."

सगळं ऐकू आलं. एकही शब्द गळला नाही. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी सुनंदाच्या तोंडात हजार वाक्यं घातली, ते हे होतं. त्यात माझा हिशेब नव्हता. ती पोरीसाठी मागत होती, आणि मला ऐकू आलं असतं तर मी एका क्षणात हो म्हटलं असतं. सौदा करायची वेळच आली नसती.

मी तिला सांगितलं. झाड, मामा, चादर, सगळं. "मला ऐकू आलंच नव्हतं, गौरी. मी नाही म्हटलं नव्हतं. मी तिथे नव्हतो."

ती रडली. मीही. मग माझं डोकं चालायला लागलं, जसं ते नेहमी चालतं. म्हटलं, "वैभवशी बोलतो. त्याला दुसरी जागा काढून देतो, थोडं वर देतो, यार्ड परत घेतो. तू चेन्नईला नाही म्हणून कळव—"

"बाबा," ती म्हणाली. "मी आता मागत नाहीये. आता मला नको आहे ते. फक्त सांगतेय."

मी थांबलो. काहीतरी देऊ केल्याशिवाय गप्प बसणं मला येत नाही. पण बसलो. समोर माझी मुलगी होती, तिचं नाक लाल झालं होतं, कानात सुनंदाच्या कुड्या होत्या. मी नुसतं बघितलं.

ती पुढच्या आठवड्यात गेली. जाताना म्हणाली, फोन करेन. करते. पण त्या रविवारी चहा निवल्यावरही आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो. माझा हात टेबलावर उघडा पडला होता, तिच्या हाताजवळ. तिने तो धरला नाही. मी काढूनही घेतला नाही.